म्युनिकमधील बिऱ्हाड

तुमच्यापैकी काही मुलांनी बिऱ्हाड हलवण्याचा अनुभव घेतला असेल. वडिलांची बदली होते किंवा गावातील धंदा बसतो, आणि एके दिवशी घरात सामानाची बांधाबांध सुरू होते. भांडी पोत्यात जातात, अंथरुणांच्या वळकट्या होतात, भिंतीवरच्या तसबिरी उतरल्या की त्यांच्या जागी फिकट चौकोन तेवढे उरतात. नव्या गावी पोचल्यावर एकाच वेळी तीन ठिकाणी मूळ धरावे लागते : राहत्या घरात, वडिलांच्या कामधंद्यात आणि मुलांच्या शाळेत. पैकी पहिल्या दोन ठिकाणांची काळजी वडीलधारी माणसे वाहतात. तिसऱ्या ठिकाणी मात्र मुलाला एकट्यालाच जावे लागते. नवा वर्ग, नवे गुरुजी, बाकावर सरकून जागा देणारा किंवा न देणारा सोबती, हे सारे त्याचे त्यालाच निभावून न्यायचे असते.

येथे सांगावयाची हकीगत अशाच एका कुटुंबाची आहे. अशी बिऱ्हाडे रोज कोठे ना कोठे उठतात आणि बसतात, त्यांची नोंद कोणी ठेवीत नाही. या बिऱ्हाडाची बारीकसारीक माहिती टिकून राहिली ती त्यातील मुलामुळे. त्याचे नाव अल्बर्ट आइन्स्टाइन.

दक्षिण जर्मनीत डॅन्यूब नदीच्या काठी उल्म नावाचे जुने गाव आहे. तेथे १४ मार्च १८७९ रोजी अल्बर्टचा जन्म झाला. त्याचे वडील हेर्मान हे शांत, हसतमुख आणि कोणावरही सहज विश्वास ठेवणारे गृहस्थ होते. लहानपणी त्यांना गणिताची चांगली गोडी होती. पण पुढील शिक्षणाचा खर्च घरच्यांना झेपण्यासारखा नव्हता, म्हणून ते व्यापारात शिरले. उल्ममध्ये पिसांच्या गाद्या-उशांच्या व्यवसायात त्यांची भागी होती. अल्बर्टची आई पाउलीन ही धान्याच्या एका सधन व्यापाऱ्याची मुलगी. ती पियानो उत्तम वाजवीत असे आणि स्वभावाने करारी होती.

हेर्मानचा धाकटा भाऊ याकोब हा इंजिनियर होता. म्युनिक शहरात त्याने नळ टाकण्याचे काम सुरू केले होते. घरोघर पाणी आणण्याचे नळ आणि दिव्यांसाठी गॅस आणण्याचे नळ. यंत्रविद्या त्याच्याजवळ होती, परंतु हिशेब ठेवणे, गिऱ्हाईक सांभाळणे आणि उधारी वसूल करणे ही विद्या त्याच्याजवळ नव्हती. त्याने थोरल्या भावाला बोलावून घेतले. १८८० च्या उन्हाळ्यात हेर्मानने उल्म सोडले. अल्बर्ट तेव्हा सव्वा वर्षाचा होता. गाव सोडल्याचे दुःख त्याला ठाऊकच नव्हते.

म्युनिक ही बव्हेरियाची राजधानी. उल्मच्या मानाने हे शहर कितीतरी मोठे होते. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १८८१ मध्ये, अल्बर्टला बहीण झाली. तिचे नाव माया. तुला खेळायला कोणीतरी आणले आहे, असे घरच्यांनी त्याला आधी सांगून ठेवले होते. बाळ पाहून तो हिरमुसला आणि हिची चाके कोठे आहेत, असे त्याने विचारले. खेळणे म्हटले की त्याला चाके हवीत! ही गोष्ट मायानेच पुढे मोठेपणी लिहिलेल्या आठवणींत सांगितली आहे. अल्बर्ट उशिरा बोलायला लागला आणि बोलू लागल्यावरही प्रत्येक वाक्य आधी स्वतःशी पुटपुटून पाहत असे, हेही त्या आठवणींवरूनच कळते. घरच्यांना त्याची थोडी चिंता वाटे.

आता या दोघा भावांच्या धंद्याकडे वळू. त्या काळी शहरांतून रात्री गॅसचे आणि तेलाचे दिवे लागत. विजेचा दिवा ही नवलाची वस्तू होती. १८८२ साली म्युनिकमध्ये विजेच्या यंत्रांचे एक मोठे प्रदर्शन भरले. मीसबाख नावाच्या गावी तयार केलेली वीज तारेवरून ५७ किलोमीटर वाहून आणून प्रदर्शनात एक पंप चालवला आणि त्या पंपाने लहानसा धबधबा पाडून दाखवला. पाहणारे थक्क झाले. नळांचे दिवस सरून तारांचे दिवस येत आहेत, हे याकोबने ओळखले. १८८५ मध्ये दोघा भावांनी विजेची यंत्रे तयार करण्याचा कारखाना उभारला. पाउलीनच्या माहेरचा पैसाही त्यात गुंतला.

या कारखान्यात डायनामो तयार होत. डायनामो म्हणजे काय हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. लोहचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तारेचे वेटोळे वेगाने फिरवले की त्या तारेत विजेचा प्रवाह उत्पन्न होतो. वेटोळे थांबले की प्रवाहही थांबतो. वाफेच्या इंजिनाने किंवा पाण्याच्या जोराने हे वेटोळे फिरवीत राहायचे आणि मिळणारी वीज तारांतून दिव्यांकडे पोचवायची, हे त्या काळच्या वीजघराचे सारे मर्म. डायनामोखेरीज या कारखान्यात कमानी दिवे आणि वीज मोजण्याची मापके होत. त्यांतील काही सुधारणांचे एकस्व हक्क याकोबच्या नावावर होते.

धंद्याने चांगले मूळ धरले. म्युनिकमध्ये दर वर्षी शरद ऋतूत मोठी जत्रा भरते. १८८५ च्या सुमारास त्या जत्रेत विजेचे दिवे प्रथम लागले ते याच भावांच्या कारखान्याचे. लहानग्या अल्बर्टने स्वतः शिडीवर चढून तेथे दिवे बसवले, अशीही एक गोष्ट सांगितली जाते. परंतु त्या गोष्टीत जे साल सांगतात, त्या साली तो म्युनिकमध्येच नव्हता. थोरांच्या बालपणाभोवती अशा गोष्टी गोळा होतातच. पुढे म्युनिकला लागून असलेल्या श्वाबिंग गावातील रस्त्यांवर या भावांनी विजेचे दिवे लावले. इटलीतील व्हारेसे आणि सूसा या गावांची कामेही त्यांना मिळाली. ऐन भरभराटीच्या काळात कारखान्यात सुमारे २०० माणसे काम करीत होती.

कुटुंब आता शहराच्या कडेला एका ऐसपैस घरात राहत होते. घराभोवती मोठी बाग होती, बागेत उंच झाडे होती. नात्यातील मुले खेळायला येत. अल्बर्ट बहुधा त्यांच्या दंग्यात नसे. तो एका बाजूला बसून पत्त्यांचे बंगले रची. पत्त्यांचा तीन-चार मजली बंगला आपणही कधी तरी रचतो आणि पाचव्या मजल्याला श्वास रोखून धरतो. अल्बर्टचे बंगले चौदा मजल्यांपर्यंत जात, असे मायाने लिहिले आहे. चार-पाच वर्षांचा असताना तो एकदा आजारी पडला, तेव्हा वडिलांनी त्याला होकायंत्र आणून दिले. डबी कशीही फिरवली तरी आतील सुई पुन्हा उत्तरेकडे वळे. तिला कोणी हात लावीत नव्हते, दोरी बांधलेली नव्हती, मग तिला वळवते कोण? ते कोडे त्याच्या मनातून कधीच गेले नाही. वृद्धपणीही त्याने त्या दिवसाची आठवण लिहून ठेवली आहे.

घर असे स्थिरावले, धंदा स्थिरावला. शाळेचे काय झाले?

घराजवळची प्राथमिक शाळा कॅथलिक पंथाची होती. आइन्स्टाइन कुटुंब ज्यू धर्माचे. वर्गात सुमारे ७० मुले होती आणि त्यांत ज्यू मुलगा हा एकटाच. शिक्षक सर्वांना सारखेच वागवीत, असे त्याने पुढे सांगितले आहे. परंतु शाळेतून घरी जाताना वाटेवर मुले त्याला चिडवीत, कधी अंगावरही येत. मारामारी फार मोठी नसे. पण आपण या घोळक्यातले नव्हे, ही जाणीव लहान वयात पक्की होण्यास ती पुरेशी होती. अभ्यासात तो मागे होता असे मात्र समजू नका. १८८६ साली त्याच्या आईने घरच्यांना लिहिलेल्या एका पत्रात, अल्बर्टचा पुन्हा पहिला क्रमांक आला, असे मोठ्या अभिमानाने कळवले आहे. आइन्स्टाइन गणितात नापास होत असे, ही जी दंतकथा आपण ऐकतो ती खरी नव्हे. ती ऐकून नापास मुलांना धीर येतो हे खरे, पण धीर येण्यासाठी खोट्याचा आधार कशाला?

१८८८ मध्ये, साडेनऊ वर्षांचा असताना, तो म्युनिकच्या एका मोठ्या जिम्नॅशियममध्ये दाखल झाला. जर्मनीत जिम्नॅशियम म्हणजे व्यायामशाळा नव्हे. विद्यापीठाची तयारी करून घेणाऱ्या माध्यमिक शाळेला तेथे असे म्हणतात. तेथे लॅटिन आणि ग्रीक या प्राचीन भाषांवर सर्वांत अधिक भर असे. लॅटिनमध्ये अल्बर्टला चांगले गुण मिळत, कारण त्या भाषेचे व्याकरण गणितासारखे रेखीव आहे. पण पाने-पाने मुखोद्गत करणे, गुरुजींनी विचारताच ताडकन उभे राहून ठरावीक उत्तर देणे, या गोष्टी त्याला मानवत नसत. प्रत्येक शब्द मनात घोळवून मग उच्चारणारा हा मुलगा! ग्रीक शिकवणारे गुरुजी एकदा त्याला म्हणाले की, तुझ्या हातून पुढे काहीही होणार नाही. गुरुजींनी रागाच्या भरात काढलेले ते उद्गार शंभराहून अधिक वर्षे लोकांच्या लक्षात राहतील, हे त्यांना कोठून ठाऊक असणार?

शाळेत जे मिळाले नाही ते त्याला घरात मिळाले, आणि या घरात कारखानाही आलाच. याकोबकाका सवड काढून त्याला बीजगणित शिकवी. बीजगणित ही एक शिकार आहे, असे तो म्हणे. सावज हाती लागत नाही तोवर त्याला 'क्ष' म्हणायचे आणि त्याचा माग काढीत जायचे. एकदा काकाने पायथागोरसचा सिद्धांत सांगितला, पण सिद्धता सांगितली नाही. अल्बर्टने समरूप त्रिकोणांचा आधार घेऊन, पुष्कळ दिवस डोके खपवून, ती स्वतः शोधून काढली. आईने त्याच्यासाठी व्हायोलिनची शिकवणी लावली होती. प्रारंभी त्याला तिचा कंटाळा येई. पण तेराव्या वर्षाच्या सुमारास मोत्सार्टच्या रचना त्याच्या मनात भरल्या आणि मग हे वाद्य त्याने जन्मभर सोडले नाही.

आणखी एक व्यक्ती या घरात येत असे. आपल्याकडे पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवीत. आठवड्यातील एकेका दिवशी एकेका घरी त्यांचे पान मांडलेले असे. ज्यू कुटुंबांतूनही अशी रीत होती. माक्स तालमूद नावाचा वैद्यकाचा एक गरीब विद्यार्थी दर गुरुवारी आइन्स्टाइनांच्या घरी जेवावयास येई. तो एकवीस वर्षांचा, अल्बर्ट दहा वर्षांचा. पण दोघांची गट्टी जमली. तालमूदने त्याला निसर्गविज्ञानाची पुस्तके आणून दिली, पुढे भूमितीचे एक पुस्तक दिले. बाराव्या वर्षी हाती पडलेल्या त्या पुस्तकाने अल्बर्टला एवढा आनंद दिला की, त्याला तो पवित्र ग्रंथ म्हणत असे. थोड्याच काळात तो गणितात तालमूदच्याही पुढे निघून गेला, मग त्यांच्या गप्पा तत्त्वज्ञानाकडे वळल्या. एका पानाभर अन्नाच्या मोबदल्यात त्या घराला केवढे मोठे देणे मिळाले!

अशी तेरा वर्षे गेली. एवढ्या काळात बिऱ्हाड हा शब्दही त्या घराच्या बाबतीत विसरायला हवा होता. पण मग धंद्याचे मूळ उखडले.

विजेच्या धंद्याचा एक स्वभाव आहे. यंत्रे घडवण्यासाठी लोखंड, तांबे आणि मजुरी यांवर आधी पुष्कळ पैसा ओतावा लागतो. गावात दिवे लागून नगरपालिकेकडून पैसे यायला मात्र वर्षे लागतात. मधल्या काळात ज्याच्या पाठीशी मोठी पेढी उभी असेल तोच तगतो. जर्मनीत तोवर विजेच्या प्रचंड कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. शिवाय विद्येनेही कूस बदलली होती. या भावांच्या कारखान्याची यंत्रे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह देत. तो प्रवाह दूर नेताना वाटेतच पुष्कळ वीज वाया जाई. १८९१ साली फ्रँकफर्ट येथील प्रदर्शनात दुसऱ्या प्रकारची वीज, म्हणजे क्षणोक्षणी दिशा पालटणाऱ्या प्रवाहाची वीज, लाउफेन गावाहून १७५ किलोमीटर अंतरावर आणून दाखवली गेली. त्याच प्रदर्शनात या दोघा भावांनीही आपली यंत्रे मोठ्या उमेदीने मांडली होती.

१८९३ मध्ये म्युनिक शहरातील रस्त्यांवर विजेचे दिवे लावण्याचे मोठे कंत्राट निघाले. ज्या शहरात आपण घर केले, ज्याच्या जत्रेत पहिले दिवे लावले, त्या शहराचे काम आपल्याला मिळेल अशी आशा या भावांनी धरली असल्यास नवल नाही. ते काम न्यूरेंबर्गच्या एका बलाढ्य कंपनीला मिळाले. कारखान्याचा कणाच मोडला. इटलीतील त्यांच्या प्रतिनिधीने सुचवले की, इकडे या. येथे नद्यांचे पाणी आहे, विजेची मागणी आहे आणि स्पर्धा कमी आहे. याकोबने ते मनावर घेतले. हेर्मानला भावाचा शब्द मोडवेना.

१८९४ च्या उन्हाळ्यात कारखाना बंद झाला आणि घर विकले गेले. विकत घेणाऱ्याला बागेशी कर्तव्य नव्हते. त्याला त्या जागेवर भाड्याची घरे बांधायची होती. कुटुंब अजून घरात राहत असतानाच बागेतील झाडे तोडण्यास सुरुवात झाली. ज्या झाडांखाली आपण खेळलो ती पडताना मुलांना खिडकीतून पाहावे लागले, असे मायाने लिहिले आहे. सुखाच्या साऱ्या आठवणींत तिला तीस वर्षांनंतरही तो आवाज विसरता आला नाही, असे वाचताना वाटते.

आईवडील, याकोबकाका आणि माया मिलानला गेली. अल्बर्ट गेला नाही. त्याच्या जिम्नॅशियमची तीन वर्षे अजून शिल्लक होती. ती पुरी केल्यावाचून पदविका नाही आणि पदविकेवाचून विद्यापीठ नाही. इटलीत इटालियन भाषेतून शिकावे लागले असते. आईवडिलांनी विचार करून ठरवले की, मुलाने म्युनिकमध्येच राहावे, एका दूरच्या नातलगांनी त्याच्यावर लक्ष ठेवावे. त्यांचा हा विचार चुकीचा होता असे आपण सहज म्हणू शकत नाही. धंद्याने त्यांना नुकतेच रस्त्यावर आणले होते. निदान मुलाच्या शिक्षणाचे बिऱ्हाड तरी उठू नये, एवढीच त्यांची इच्छा असणार.

परंतु घर नाही, बाग नाही, काका नाही, कारखाना नाही, आणि शाळा तेवढी राहिली आहे, अशा शहरात पंधरा वर्षांच्या मुलाने करायचे काय? आजवर शाळेतून परत येण्यासाठी त्याला घर होते. आता जे त्याला सर्वांत कमी आवडे तेच तेवढे उरले. वरून सक्तीच्या सैनिकी सेवेची भीती होती. सतरा वर्षे पुरी होण्याआधी देश सोडला तरच ती टळण्यासारखी होती, आणि संचलन करणाऱ्या सैनिकांविषयी त्याला लहानपणापासून तिटकारा होता. पत्रांतून त्याने आपली उदासी फारशी कळू दिली नाही. त्याने तालमूदच्या डॉक्टर भावाकडून, याचे मन थकले आहे, याने घरच्या माणसांत राहणे बरे, असा दाखला मिळवला. गणिताच्या शिक्षकांकडूनही, याची तयारी विद्यापीठाइतकी आहे, अशी चिठ्ठी घेतली. इतक्यात वर्गशिक्षकांनीच त्याला बोलावून सांगितले की, तू शाळा सोडलीस तर बरे होईल. आपण काही आगळीक केली नाही, असे तो म्हणाला. ते म्हणाले की, तुझ्या नुसत्या असण्याने वर्गातील आदर कमी होतो.

१८९४ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीच्या सुमारास, अल्बर्टने आगगाडी पकडली आणि आल्प्स पर्वत ओलांडून तो मिलानला आला. घरच्यांना त्याने कळवलेच नव्हते. दार उघडल्यावर आईवडिलांचे चेहरे कसे झाले असतील, याची कल्पना तुम्हीच करा. तो म्युनिकला परत जाणार नाही, हे त्याने ठामपणे सांगितले. पण घरी स्वतः अभ्यास करून झ्युरिचच्या तंत्रविद्यालयाची प्रवेशपरीक्षा देईन, असे वचनही दिले.

भावांनी नवा कारखाना मिलानजवळ पाव्हिया या गावी कालव्याच्या काठी उभारला. १८९५ साली कुटुंब तेथे राहावयास गेले. अल्बर्टला इटली फार आवडली. लोक मोकळे, रस्त्यांतून गाणी, कोणी कोणाला ताडकन उभे राहावयास सांगत नव्हते. तो कारखान्यातही मदत करी. एका यंत्राच्या आकडेमोडीवर याकोब आणि त्याचा साहाय्यक कित्येक दिवस अडून बसले होते. ती या पोराने पाव तासात सोडवली, असे याकोब लोकांना कौतुकाने सांगत असे. वाचलेल्या भूमितीच्या पुस्तकाइतकेच, तेलाचा वास येणाऱ्या त्या यंत्रांनीही अल्बर्टला घडवले, असे मला वाटते. होकायंत्राच्या सुईला न दिसता वळवणारी शक्ती येथे पट्ट्यांवर आणि चाकांवर उघडपणे राबताना दिसे.

त्याच शरदात त्याने झ्युरिचची परीक्षा दिली. उमेदवार अठरा वर्षांचा असावा असा नियम होता. हा साडेसोळा वर्षांचा, तरी अपवाद म्हणून त्याला बसू दिले. गणितात आणि भौतिकशास्त्रात त्याने चांगले गुण मिळवले. इतर विषयांत तो अपुरा पडला आणि नापास झाला. एक वर्ष शाळेत घालवून पुन्हा या, असा सल्ला त्याला मिळाला. म्हणून तो स्वित्झर्लंडमधील आराऊ या छोट्या गावी गेला. म्हणजे पुन्हा नवे गाव आणि नवी शाळा! परंतु या वेळी सारेच निराळे होते. तो एका शिक्षकांच्या घरी राहिला. त्या घरात सात मुले होती, जेवणाच्या टेबलावर मोठमोठ्याने वादविवाद चालत आणि थोड्याच दिवसांत तो त्या घरातलाच होऊन गेला. शाळेत पाठांतराऐवजी विचार करण्यावर भर होता. प्रकाशाच्या किरणाबरोबर आपणही त्याच वेगाने धावलो तर आपल्याला काय दिसेल, हा प्रश्न त्याला पडला तो याच शाळेत. १८९६ मध्ये तो परीक्षा उत्तम रीतीने उतरला आणि झ्युरिचला दाखल झाला.

त्याच वर्षी पाव्हियाचा कारखाना बुडाला. पाउलीनच्या माहेरची आणि नातलगांची पुष्कळ रक्कम त्यात गेली. याकोबने शहाणपणाने दुसऱ्याच्या कंपनीत इंजिनियरची नोकरी धरली. हेर्मानने मात्र मिलानमध्ये तिसऱ्यांदा स्वतःचा धंदा मांडला. अल्बर्टने तसे करू नका म्हणून विनवले होते. तोही धंदा चालला नाही. आपण मिळवते नाही, उलट घरच्यांवर भार होऊन बसलो आहोत, असे दुःख अल्बर्टने १८९८ साली मायाला लिहिलेल्या पत्रात व्यक्त केले आहे. १९०० साली पदवी मिळाली, पण नोकरी मिळेना. ठिकठिकाणच्या प्राध्यापकांना त्याने अर्ज केले. कोणी उत्तरही देईना.

एप्रिल १९०१ मध्ये हेर्मानने लायप्झिगचे थोर रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांना एक पत्र लिहिले. माझा मुलगा नोकरीवाचून खिन्न झाला आहे, आपला मार्ग चुकला असे त्याला वाटू लागले आहे; तो आपल्याला फार मानतो, तर त्याला धीराचे दोन शब्द लिहावेत आणि जमल्यास साहाय्यकाची जागा द्यावी, अशी त्यात विनवणी होती. मी हे पत्र लिहीत असल्याचे मुलाला ठाऊक नाही, असेही त्यांनी त्यात लिहिले होते. तीन वेळा धंदा मोडलेला, स्वतःला कधी गणित शिकता न आलेला एक व्यापारी, जगप्रसिद्ध विद्वानापुढे मुलासाठी पदर पसरीत होता. त्या पत्राला उत्तर आल्याची नोंद आढळत नाही.

पुढच्या वर्षी जून महिन्यात अल्बर्टला बर्न शहरातील एकस्व कचेरीत तांत्रिक तज्ज्ञाची जागा मिळाली. नव्या यंत्रांचे अर्ज तपासायचे, त्यांतील खरे-खोटे पाहायचे हे काम. डायनामो आणि मापके यांच्यात वाढलेल्या मुलाला ते अनोळखी नव्हते. त्यानंतर चार महिन्यांनी, १० ऑक्टोबर १९०२ रोजी, हेर्मान मिलानमध्ये मरण पावले. ते ५५ वर्षांचे होते. त्यांची कबर मिलानमध्येच आहे.

१९०५ साली अल्बर्ट आइन्स्टाइनने सापेक्षतेविषयीचा आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. त्याचा प्रारंभ तारे, ग्रह किंवा काळाच्या गूढ गोष्टींनी होत नाही. एक लोहचुंबक आणि एक तार घ्या, चुंबक हलवा किंवा तार हलवा, प्रवाह तोच मिळतो. मग त्याची कारणे दोन निरनिराळी का मानायची, असा प्रश्न त्या निबंधाच्या अगदी आरंभी आहे. म्युनिकच्या कारखान्यात दिवसभर जे फिरत असे, तेच ते चुंबक आणि तेच ते वेटोळे.

आइन्स्टाइनचे नाव नोबेल पारितोषिकासाठी सर्वांत प्रथम सुचवले गेले ते १९१० सालच्या पारितोषिकाकरिता. सुचवणारे होते विल्हेल्म ओस्टवाल्ड.